वयाच्या मापात न बसणाऱ्या मुलांचे कपडे: पॅटर्न बदलायचा क्रम आणि नेहमीच्या चुका

माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्यांच्या तक्रारी दोनच प्रकारच्या असतात. एक, "पोटावर बसेल असा फ्रॉक घेतला तर खांदे दंडावर उतरतात." दुसरी, "खांद्याला बरोबर बसला, पण कंबर काखेत गेली." दोन्हींमध्ये चूक एकच. पॅटर्न (कापड कापायचा कागदी नमुना) वयावरून किंवा पोटावरून निवडलेला असतो आणि मग सगळा हिशेब बाजूच्या शिवणीत चुकता केलेला असतो. बाजूची शिवण थोडंफार सांभाळून घेते. पोट पुढे आलेलं असेल, खांदे उतरते असतील, धड लांब असेल, तर ती काही करू शकत नाही.

खाली कमरेत जोड असलेला, बाहीचा सुती फ्रॉक धरून सगळं सांगितलं आहे. शर्ट, पोलकं, कुर्ता यांच्या वरच्या भागाला तेच लागू पडतं. पँटचं शेवटी वेगळं आहे.

तयारी

ब्राऊन पेपर, पारदर्शक पट्टी, चिकटपट्टी, कागदाची वेगळी कात्री, दोन रंगांची पेनं, अर्धा इंच रुंदीचं इलॅस्टिक आणि आधी ट्रायल शिवून बघायला मांजरपाट. मांजरपाट नसेल तर जुनी सुती चादर चालेल, पण फ्रॉकच्या कापडाइतकीच जाड-पातळ हवी. नायलॉनच्या साडीवर केलेली ट्रायल सुती फ्रॉकबद्दल काहीच सांगत नाही.

मापाची टेप स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा. जुनी कापडी टेप ताणली जाते आणि मापं कमी दाखवते. लहान मुलाच्या कपड्यात पाव इंचाचा फरकही कळतो.

सुती कापड रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून ठेवा. आधी फ्रॉक शिवून मग कापड आटलं, तर पॅटर्नवर केलेली मेहनत फुकट जाते.

टप्पा १ : मापं, बनियनवर

मुलाला उभं करून कमरेला इलॅस्टिक बांधा आणि डावीकडे-उजवीकडे वाकायला सांगा. इलॅस्टिक जिथे स्थिरावेल ती त्याची कंबर. पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना डोळ्यांना दिसणारी कंबर नसतेच. आपण अंदाजाने टेप लावतो आणि दर वेळी वेगळ्या जागी लावतो.

टेप पोटाला लागली की मूल पोट आत ओढतं, नाहीतर मुद्दाम फुगवतं. त्याला बडबडगीत म्हणायला लावा. म्हणता म्हणता पोट धरून ठेवता येत नाही.

ही मापं लिहून घ्या:

छाती, काखेखालून, टेपमध्ये एक बोट जाईल इतकी सैल.
कंबर, एकदा उभं राहून, एकदा मांडी घालून बसून. पोट असलेल्या मुलांच्या दोन मापांत चांगला फरक पडतो. बसल्याचं माप मोठं आलं तर तेच धरा.
पाठीची उंची. मुलाला मान खाली घालायला सांगा. मानेच्या तळाशी जे हाड वर येतं, तिथून इलॅस्टिकपर्यंत.
पुढची उंची. गळ्याच्या खळगीपासून, पोटाच्या गोलाईवरून, इलॅस्टिकपर्यंत. हे माप जवळजवळ सगळे विसरतात आणि पोटाचं सगळं गणित याच मापावर आहे.
खांदा. हात बाजूला आडवा उचलला की खांद्याच्या टोकाला खळी पडते. त्या खळीपासून दुसऱ्या खळीपर्यंत, पाठीवरून.
दंडाचा घेर, आणि कोपर किंचित वाकवून हाताची लांबी.
डोक्याचा घेर. दोन-तीन वर्षांच्या मुलाचं डोकं साधारण ४८ ते ५० सेंटिमीटर, म्हणजे एकोणीस-वीस इंच असतं. गळा आणि उघडं ठेवलेलं अंतर मिळून याहून जास्त हवं, नाहीतर सुंदर फ्रॉक कानात अडकतो.

> तपासा: डावा आणि उजवा खांदा एका रेषेत आहेत का, ते मागून उभं राहून बघा. थोडा फरक पुष्कळ मुलांत असतो. पण एक खांदा स्पष्ट खाली असेल आणि मूल पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसत असेल, तर शिवण बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

टप्पा २ : साइज छातीवरून निवडा

गळा, खांदा, मुंढा (बाही जोडायची काखेभोवतीची गोलाई) हे बदलायला सगळ्यात किचकट भाग. कंबर आणि लांबी बदलणं त्या मानाने सोपं. म्हणून किचकट भाग जिथे आधीच जुळेल, तो साइज घ्यायचा.

माझ्या भाचीचं उदाहरण घेते. वय पाच, छाती २३, कंबर २४, पाठीची उंची साडेनऊ. अमेरिकन पॅटर्न कंपन्यांच्या नेहमीच्या तक्त्यात छाती २३ म्हणजे साइज ४, आणि त्याची कंबर २१. कंबर २४ शोधत गेलं तर आपण साइज ८ आणि १० च्या मध्ये पोहोचतो, जिथे छाती २७ ते साडेअठ्ठावीस आहे. पाच वर्षांच्या मुलीला दहाचे खांदे! आणि वय पाच म्हणून साइज ५ घेतला तर छाती २४, कंबर साडेएकवीस. तिथेही कंबर बसत नाही ती नाहीच. तिला साइज ४ घ्यायचा आणि कमरेत तीन इंच मिळवायचे.

काटकुळ्या, उंच मुलांनाही हाच नियम. छातीचा साइज घ्या, उंची वाढवा. उंचीचा साइज घेऊन बाजूने आत घेत गेलात तर गळा आणि खांदा मोठेच राहतात.

दुकानातल्या तयार फ्रॉकचा नंबर बहुतेक वेळा फ्रॉकच्या लांबीचे इंच सांगतो. तो नंबर पॅटर्नच्या साइजशी जुळवू नका.

> थांबा: तक्त्यातली मापं शरीराची असतात. कपड्याची मोकळीक पॅटर्नमध्ये आधीच धरलेली असते. मुलांच्या सुती फ्रॉकला छातीत ती साधारण अडीच-तीन इंच असते. ती स्वतः पुन्हा मिळवू नका. फ्रॉकचा तंबू इथेच होतो.

टप्पा ३ : नक्कल काढा, माया वेगळी करा

मूळ पॅटर्न कापू नका. ब्राऊन पेपरवर उतरवून घ्या. घरी छापलेला असेल तर त्यावरचा चौकोन पट्टीने मोजा, तो लिहिलेल्या मापाचा नसेल तर छपाई शंभर टक्क्यांवर झालेली नाही, पुन्हा छापा.

माया (शिवणीच्या बाहेर सोडलेलं जास्तीचं कापड) धरलेली आहे की नाही ते सूचनांत वाचा. मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या पॅटर्नमध्ये ती पाच सूत असते (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). बुर्डा मासिकाच्या पॅटर्नमध्ये नसते, ती आपण सोडायची. नकलेवर शिवणीची रेष एका रंगाने आणि मायेची दुसऱ्या रंगाने काढा. यापुढचे सगळे बदल शिवणीच्या रेषेवर करायचे आणि माया शेवटी नव्याने आखायची.

उभ्या धाग्याची रेष, कमरेची रेष, मुंढ्यावरच्या खुणा, सगळं उतरवा. बदल करताना या रेषा नसतील तर कापलेले तुकडे परत सरळ ठेवता येत नाहीत.

टप्पा ४ : आधी उंची

क्रम असा: उंची, खांदे, पोट आणि पाठ, रुंदी, मग मुंढा-बाही. उलटा क्रम केला तर प्रत्येक नवा बदल आधीचा बिघडवतो.

बॉडीची, म्हणजे कमरेवरच्या भागाची, उंची मुंढा आणि कंबर यांच्या मध्ये आडवी कापून वाढवा किंवा घडी घालून कमी करा. पुढे आणि पाठीला सारखीच. खाली कमरेला तुकडा जोडू नका. बाजूच्या शिवणीचा आकार तिथे संपत असतो, वाढवलेला तुकडा एकतर फाकतो नाहीतर आखडतो. घेराची (कमरेखालच्या भागाची) लांबी मात्र चुण्यांचा सरळ घेर असेल तर खालून वाढवली तरी चालते. बाहीला कोपराच्या वर आणि खाली, दोन्ही ठिकाणी अर्धी-अर्धी वाढ द्या.

मुंढ्याच्या वरचं अंतर कमी असेल, म्हणजे मूल काखेपर्यंत ठेंगणं आणि खाली लांब असेल, तर मुंढ्याच्या मध्यावर पुढे, पाठीला आणि बाहीच्या गोलाईत एकाच मापाची घडी घालावी लागते. तिन्ही ठिकाणी. एक विसरलं की बाही बसत नाही.

टप्पा ५ : खांदे

*खांदा रुंद पडतो:* खांद्याच्या मध्यापासून मुंढ्याच्या खुणेपर्यंत तिरका छेद द्या, मुंढ्याशी एक सूत कागद न कापता सोडा. हे झालं बिजागर. खांद्याशी जेवढं जास्त आहे तेवढं एकावर एक चढवा आणि खांद्याची रेष पट्टीने पुन्हा आखा. मुंढ्याची लांबी तशीच राहते, त्यामुळे बाहीला हात लावावा लागत नाही.

*खांदे उतरते:* खांद्याचं टोक एक-दोन सूत खाली घ्या आणि काखेतला मुंढाही तेवढाच खाली. नुसता खांदा उतरवलात तर मुंढा लहान होतो आणि काख काचते. खांदे ताठ, चौकोनी असतील तर दोन्ही वर न्या.

*खांदे पुढे झुकलेले:* खांद्याची शिवण पाठीकडे सरकलेली दिसते. खांद्याच्या टोकाशी पुढच्या भागातून दोन सूत काढा आणि पाठीला जोडा, गळ्याशी शून्यावर आणा. बाहीवरची खांद्याची खूणही दोन सूत पुढे.

*दोन खांदे वेगवेगळे:* अर्धा पॅटर्न घडीवर ठेवून चालणार नाही. पुढचा आणि पाठीचा अख्खा पॅटर्न काढा, "डावा", "उजवा" असं ठळक लिहा, आणि कागदाची लिहिलेली बाजू वर ठेवूनच कापा. मी एकदा कागद उलटा ठेवला आणि चांगला खांदा उतरता करून ठेवला.

टप्पा ६ : पोट

पोट आलेल्या मुलाचा फ्रॉक समोरून वर उचललेला दिसतो आणि बाजूची शिवण खाली पुढे ओढली जाते. आपण म्हणतो "घट्ट झालाय" आणि रुंदी वाढवतो. रुंदी वाढवून पुढचं टोक खाली येत नाही. तिथे लांबी कमी पडलेली असते. म्हणून आधी लांबी, मग रुंदी.

भाचीच्या फ्रॉकचं प्रत्यक्ष असं केलं. पॅटर्नची पुढची मध्यरेष गळ्यापासून कमरेपर्यंत आठ इंच, तिचं पोटावरून माप पावणेनऊ. कमी पडते पाऊण इंच.

१. कमरेच्या दीड इंच वर मध्यरेषेपासून बाजूच्या शिवणीपर्यंत आडवी रेष काढा. मध्यरेषेकडून कापत जा, बाजूच्या शिवणीशी बिजागर ठेवा.

२. खालचा तुकडा मध्यरेषेपाशी पाऊण इंच उघडा, खाली कागद घालून चिकटवा. बाजूची शिवण जेवढी होती तेवढीच राहिली पाहिजे, कारण ती पाठीशी जुळायची आहे.

३. मध्यरेष आता खाली किंचित आत वळलेली दिसेल. वरच्या तुकड्याच्या मध्यरेषेला पट्टी लावून ती कमरेपर्यंत सरळ ओढा. यात कमरेला दीड-दोन सूत रुंदी आपोआप मिळते. ती हिशेबात धरा.

४. कमरेची रेष बाजूपासून मध्याकडे अलगद खाली उतरणारी गोलाई म्हणून पुन्हा आखा. मध्यावर टोक येऊ देऊ नका. शेवटचा इंचभर भाग मध्यरेषेशी काटकोनात हवा.

आता रुंदी. तीन इंच वाढवायचे आहेत. इथली सगळ्यात महागडी चूक म्हणजे तीन इंच प्रत्येक तुकड्याला जोडणं. कागद अर्ध्या भागाचा असतो, त्यावरचा एक इंच कपड्यात दोन होतो.

बाजूला प्रत्येक कडेवर तीन सूतांहून जास्त देऊ नका, आणि तेही काखेशी शून्यावर आणून. पुढच्या दोन आणि पाठीच्या दोन अशा चार कडा, तीन-तीन सूत, म्हणजे दीड इंच. उरलेला दीड इंच पूर्ण पुढे, कारण पोट पुढे आहे. अर्ध्या कागदावर तो पाऊण इंच. मध्यरेष सरळ करताना मिळालेलं त्यातून वजा करा. बाकीच्यासाठी कमरेपासून खांद्याच्या मध्यापर्यंत उभा छेद द्या, खांद्याशी बिजागर ठेवा आणि कमरेत उघडा. छातीतही थोडी वाढ होते, ती पोट असलेल्या मुलाला नडत नाही.

> तपासा: पुढच्या आणि पाठीच्या कमरेची शिवणरेष टेप उभी धरून मोजा, दुप्पट करा. मुलाची बसल्याची कंबर अधिक दोन इंच एवढी आली पाहिजे. मागे बटणपट्टी असेल तर ती यात मोजू नका.

घेराच्या चुण्या वाटतानाही पुढे थोड्या जास्त घ्या. सारख्या वाटल्या तर पोटावर घेर सपाट बसतो आणि मागे फुगतो.

टप्पा ७ : पाठ, आणि बारीक मुलं

पाठ गोल असेल, फ्रॉक मागे वर चढत असेल, तर हीच युक्ती पाठीला: खवाट्यांच्या उंचीवर आडवा छेद, मुंढ्याशी बिजागर, मध्यावर दोन ते चार सूत उघडायचं.

बारीक मुलांसाठी रुंदी कमी करायची तर कागदाला उभी घडी घाला, पण गळा आणि मुंढा यांच्यामध्ये, उभ्या धाग्याला समांतर. खांदा जेवढा कमी होईल तो मुलाच्या मापाशी ताडून बघा. आणि थोडं सैल राहू द्या. हाडकुळ्या मुलाला अंगाबरोबर शिवलेला फ्रॉक त्याची हाडं दाखवतो. छातीवर चुण्या किंवा टक घातलेला योक त्याला जास्त शोभतो.

टप्पा ८ : मुंढा आणि बाही

मुंढा काचतो म्हणून तो खाली कोरणं ही घरोघरची सवय आहे. मुंढा जितका खाली, तितका हात वर केला की अख्खा फ्रॉक वर येतो. काखेजवळ राहिलेला मुंढाच हाताला मोकळं ठेवतो. काचत असेल तर आधी पाठीची रुंदी आणि दंड बघा, दोष बहुधा तिथे असतो.

दंड जाड असेल तर फुग्याच्या बाहीला मधून उभं कापून दोन्ही तुकडे समांतर ठेवून एकमेकांपासून दूर सरकवा, वाढ वर चुण्यांत आणि खाली पट्टीत जाते. साध्या बाहीला दंडाच्या रेषेवर आडवा आणि मधोमध उभा, असा अधिकचिन्हाचा छेद द्या. वरचं टोक, खालचं टोक आणि दोन्ही बाजूंना बिजागर. दंडावर अर्ध्या इंचापर्यंत उघडा. बाहीची वरची गोलाई थोडी बुटकी होते, ते बरोबर आहे.

> तपासा: बाहीच्या गोलाईची लांबी मुंढ्याहून पाव ते अर्धा इंच जास्त असावी, फुग्याची बाही सोडून. कमी असेल तर ताणून शिवू नका, कागदावर परत या.

टप्पा ९ : जोड जुळवा, मग ट्रायल

जिथे जिथे दोन तुकडे शिवले जाणार, त्या रेषा एकमेकींवर ठेवून बघा: खांदा-खांदा, बाजू-बाजू. खांदे जुळवल्यावर गळा आणि मुंढा यांची गोलाई सलग वाहते का, तेही बघा. मग माया आखा. बाजूला एक इंच आणि खालच्या दुमडीला दोन-तीन इंच ठेवलेत तर पुढच्या वर्षी उसवून वाढवता येईल. गळा आणि मुंढ्याला मात्र तीन सूत पुरे. जाड माया तिथे वळत नाही.

मांजरपाटाची बॉडी मशीनच्या मोठ्या टाक्याने शिवा. टाचण्या नकोत, मूल एकदा टोचलं की परत घालू देत नाही. दुरुस्तीला चिकटपट्टी किंवा कच्चा टाका वापरा. तुमच्या हातात दहा मिनिटं आहेत असं समजा आणि याच क्रमाने बघा:

सरळ उभं राहिल्यावर बाजूची शिवण जमिनीकडे सरळ जाते का? पुढे ओढली गेली तर पुढची उंची अजून कमी आहे.
दोन्ही हात वर. कंबर इंचभराहून जास्त वर जाऊ नये.
मांडी घालून बसणं. पोटावर आडव्या ताणलेल्या सुरकुत्या आल्या तर रुंदी कमी.
तिरकी सुरकुती जिकडे बोट दाखवते तिथे कापड कमी आहे. सैल लोंबणारी घडी असेल तिथे जास्त आहे.

सापडलेला बदल लगेच पेनाने मांजरपाटावर लिहा आणि कागदावर उतरवा. "लक्षात राहील" म्हणून सोडलेला बदल माझ्या तरी कधी लक्षात राहिलेला नाही.

टप्पा १० : पँट किंवा चड्डी

इथे सगळं आसनावर, म्हणजे कमरेपासून बैठकीपर्यंतच्या उंचीवर, अवलंबून. मुलाला सपाट स्टुलावर बसवा, कमरेच्या इलॅस्टिकपासून स्टुलापर्यंत बाजूने मोजा, त्यात अर्धा इंच मिळवा. पॅटर्नची बाजू कमरेपासून आसनाच्या रेषेपर्यंत तेवढी हवी. फरक आडवा कापून किंवा घडी घालून काढा, वरून नेफ्यात नाही.

लंगोट किंवा डायपर घालणारं, किंवा मागे भरलेलं मूल बसलं की पँट मागून खाली ओढली जाते. पाठीच्या भागाला मधल्या शिवणीकडून आडवा छेद, बाजूला बिजागर, अर्धा ते एक इंच उघडा. पोट असेल तर पुढच्या भागालाही तसंच. व्हीलचेअरवर बसणाऱ्या मुलासाठी मागचं वाढवून पुढचं कमी करा, म्हणजे पोटात गोळा होत नाही. पायाला ब्रेस असेल तर मोरी (पँटच्या पायाचं खालचं तोंड) ब्रेसच्या सर्वांत रुंद जागी मोजा आणि बाहेरच्या शिवणीत खालून चेन किंवा वेल्क्रो लावा.

इलॅस्टिक कमरेहून एक-दोन इंच कमी घ्या, पण पँट घालून, बसवून ठरवा. नेफ्यात आतून छोटं तोंड उघडं ठेवा, म्हणजे ते नंतर बदलता येतं.

टप्पा ११ : कापड कापताना

कापड किती लागेल हे बदललेल्या पॅटर्नवरून ठरवा, पाकिटावरच्या आकड्यावरून नाही. पुढची बॉडी वाढली की तुकडे पूर्वीसारखे शेजारी बसतीलच असं नाही. खणासारखा लहान पन्ह्याचा कपडा असेल तर सगळे तुकडे आधी जमिनीवर मांडून बघा. काठ कुठे येणार, तेही तेव्हाच ठरवा. कमरेची रेष पोटासाठी गोल केली असेल तर तिथे काठ सरळ बसणार नाही. काठ घेराला लावा.

बदललेला कागद घडी करून पाकिटात ठेवा आणि वर मुलाचं नाव, तारीख, छाती, कंबर, दोन्ही उंच्या लिहा. चार महिन्यांनी पुढचा फ्रॉक शिवताना ही चारही मापं पुन्हा घ्या. मुलं एका सरळ रेषेत वाढत नाहीत: भाचीची उंची त्या चार महिन्यांत इंचभर वाढली आणि कंबर अर्ध्या इंचाने कमी झाली.